डेटोनाचा शोध : किंमत पोलादाची नव्हे, खात्रीची

२६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्क शहरात फिलिप्स या लिलाव कंपनीने एक मनगटी घड्याळ विकले. घड्याळ सोन्याचे नव्हते, हिरेजडित नव्हते. साध्या पोलादाचे होते, अनेक वर्षे वापरलेले होते आणि चावी दिल्याशिवाय चालणारे नव्हते. लिलावापूर्वी कंपनीने 'दहा लाख डॉलरहून अधिक' एवढाच अंदाज जाहीर केला होता. प्रत्यक्षात बोली वाढत गेली आणि कंपनीचे कमिशन धरून १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरला सौदा पक्का झाला. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे ११५ कोटी रुपये होते. मनगटी घड्याळाला लिलावात एवढी किंमत त्यापूर्वी कधी आली नव्हती. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, जिनिव्हा येथे पाटेक फिलिप कंपनीचे एक घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेले तेव्हा हा विक्रम मोडला.

बातमीतील खरी गंमत पुढेच आहे. याच मॉडेलचे घड्याळ १९६० च्या दशकात दुकानात दोनशे-अडीचशे डॉलरला मिळत होते, आणि तरीही गिऱ्हाईक त्याला हात लावत नव्हते.

वाचकहो, आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. असे घड्याळ आम्ही घेणार नाही आणि आमच्या बहुतेक वाचकांनाही ते घ्यावयाचे नाही. मग व्यापाराच्या पानावर त्याचे काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. काम असे की, एखाद्या वस्तूला किंमत कोठून येते, ती कोण टिकवतो आणि कोण घालवतो, हे या घड्याळाच्या कहाणीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसते. शिवाय या कहाणीचा एक धागा आपल्या मुंबईच्या गल्लीपर्यंत, आपल्याच कारागिरांच्या हातापर्यंत येऊन पोहोचतो. तो धागा कारागिरांच्या रोजीशी आणि त्यांच्या नावाशी जोडलेला आहे.

घड्याळाच्या पोटात दुसरे घड्याळ

प्रथम वस्तू समजून घेऊ. या घड्याळाचे नाव रोलेक्स कॉस्मोग्राफ डेटोना. ते 'क्रोनोग्राफ' जातीचे आहे. क्रोनोग्राफ म्हणजे वेळही दाखवणारे आणि शर्यतीच्या पंचाकडे असते तसे स्टॉपवॉचचे कामही करणारे घड्याळ. उजव्या बाजूला चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणे असतात. वरचे बटण दाबले की मधला लांब काटा सुटतो, पुन्हा दाबले की थांबतो. खालचे दाबले की काटा परत शून्यावर येतो. डायलवर तीन लहान डायल असतात. एकावर नेहमीचे सेकंद, दुसऱ्यावर मोजलेली मिनिटे तीसपर्यंत आणि तिसऱ्यावर तास बारापर्यंत.

काचेभोवतीच्या कड्यावर आकडे कोरलेले असतात. ते वेग सांगण्यासाठी. समजा, गाडी एक किलोमीटर अंतर तीस सेकंदांत कापते. काटा तीस सेकंदांवर थांबवला की त्याच्यासमोर कड्यावर १२० हा आकडा येतो. म्हणजे ताशी वेग १२० किलोमीटर. कागद नको, पेन्सिल नको.

ऐकायला सोपे वाटते. मात्र चालत्या मशीनवर दुसरे मशीन जोडावयाचे, हवे तेव्हा सोडावयाचे, आणि मूळ घड्याळाला धक्का लागू द्यावयाचा नाही, हे हुन्नराचे काम आहे. या घड्याळाचे मशीन रोलेक्सने स्वतः बनवलेले नव्हते. स्वित्झर्लंडच्या वाल्जू कंपनीचे '७२' क्रमांकाचे मशीन घेऊन रोलेक्स त्यात आपल्या सुधारणा करीत असे. डायल सिंगर नावाच्या कारखान्यातून येत. कोणाचे सूत, कोणाची विणाई, कोणाची रंगाई आणि शेवटी छाप एकाची, हा प्रकार कापड बाजाराला नवा नाही.

शोकेसमध्ये पडून राहिलेला माल

हे मॉडेल १९६३ मध्ये बाजारात आले. त्याचा क्रमांक ६२३९. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात डेटोना येथे मोटार शर्यतीचे मोठे मैदान १९५९ मध्ये सुरू झाले होते आणि १९६२ पासून रोलेक्स तेथील अधिकृत वेळमापक होती. त्या गावाचे नाव लवकरच या घड्याळाच्या डायलवर आले.

डायल दोन तऱ्हेच्या निघाल्या. एक साधी. दुसरी जरा भडक : लहान डायलमधील खुणांच्या टोकांना बारीक चौकोन, वेगळ्या वळणाचे आकडे आणि कडेने दुसऱ्या रंगाची पट्टी. ही दुसरी डायल लोकांच्या डोळ्यांत भरली नाही. रोलेक्स घेणारे गिऱ्हाईक साधेपणा पसंत करणारे होते. त्यात हे घड्याळ चावीचे. हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळांची सवय लोकांना झाली होती, आणि १९६९ मध्ये तर आपोआप चालणारे क्रोनोग्राफही आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला टोकियोत सेइको कंपनीने बॅटरीवर चालणारे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस काढले. पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्याची काय दशा झाली ते आकड्यांतच पाहावे. १९७० च्या सुमारास या धंद्यात सुमारे नव्वद हजार माणसे होती, १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तीस हजारांच्या आसपास उरली.

अशा काळात भडक डायलचे, चावीचे, महागडे क्रोनोग्राफ कोण घेणार? दुकानदार सूट देऊन माल काढीत. खप नाही म्हणून माल कमी बनला. आणि कमी बनला म्हणूनच पुढे तो दुर्मिळ ठरला. आज ज्या भडक डायलसाठी संग्राहक देशोदेशी हिंडतात, तिच्या दुर्मिळतेचे मूळ कारण तेव्हाच्या गिऱ्हाइकाची नापसंती हेच आहे.

येथे एक इशारा देणे आम्हास जरूर वाटते. ही गोष्ट ऐकून कोणी गोदामातील न खपलेला माल उराशी धरून बसू नये. आमच्या बाजारात डिझाइन उतरले की ताका उतरतो. कापडाची घडी पडते, रंग उडतो, कसर लागते आणि भांडवल अडकते ते वेगळेच. एका डेटोनाच्या मागे न खपलेली, विसरलेली हजारो घड्याळे आहेत. त्यांची बातमी होत नाही.

नटाचे मनगट आणि इटलीचे दलाल

मग या पडलेल्या मालाचा दिवस कसा फिरला? पॉल न्यूमन हे हॉलीवूडचे नामांकित नट. 'विनिंग' हा मोटार शर्यतीवरील चित्रपट १९६९ मध्ये आला. त्यात काम करताना त्यांना शर्यतीचा नाद लागला आणि तो आयुष्यभर टिकला. फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत १९७९ मध्ये त्यांचा संघ दुसरा आला. १९९५ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांच्या संघाने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पत्नी जोॲन वुडवर्ड, त्याही नामवंत अभिनेत्री. नवरा वेगाने गाडी हाकतो याची त्यांना चिंता. १९६८ च्या सुमारास त्यांनी न्यूयॉर्कच्या टिफनी या दुकानातून ६२३९ मॉडेलचे एक डेटोना घेतले, मागील झाकणावर 'गाडी जपून चालव' अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले आणि ते नवऱ्याला भेट दिले. डायल तीच, न खपणारी. न्यूमन यांनी ते वर्षानुवर्षे वापरले. छायाचित्रांत ते त्यांच्या हातावर दिसत राहिले.

१९८० च्या दशकात इटलीतील दलाल आणि संग्राहकांनी जुनी क्रोनोग्राफ गोळा करण्यास आरंभ केला. न्यूमन यांच्या हातावरील डायलला त्यांनी 'पॉल न्यूमन' असे नावच देऊन टाकले. कंपनीने असे नाव कधी दिले नव्हते. बाजाराने दिले. पडून असलेल्या डायलला नाव मिळाले, नावाला कहाणी मिळाली आणि कहाणीला भाव मिळाला. जे गिऱ्हाईक पूर्वी साधी डायल पसंत करीत असे, तेच आता भडक डायलसाठी कित्येक पट मोजू लागले.

शोध कशाचा?

साहजिकच एक प्रश्न जगभरच्या संग्राहकांना सतावू लागला. 'पॉल न्यूमन' डायलची घड्याळे बाजारात आहेत, पण खुद्द पॉल न्यूमन यांचे घड्याळ कोठे आहे? अनेक वर्षे त्याचा पत्ता लागला नाही.

पत्ता अगदी साधा होता. १९८४ च्या उन्हाळ्यात न्यूमन यांची मुलगी नेल हिचा एक तरुण मित्र त्यांच्या घरी झाडावरील खोपट्याची डागडुजी करीत होता. न्यूमन यांनी त्याला वेळ विचारली. त्याच्याकडे घड्याळ नव्हते. न्यूमन यांनी आपल्या हातचे काढून त्याला देऊन टाकले. रोज चावी दे, वेळ बरी दाखवते, अशा आशयाचे काही तरी सांगितले. तो तरुण ते घड्याळ वापरीत राहिला. आपल्या हातावर काय आहे हे त्याला बऱ्याच वर्षांनी उमगले. २०१७ मध्ये ते लिलावात आले आणि मिळालेल्या रकमेचा काही भाग नेल न्यूमन यांच्या धर्मादाय संस्थेस देण्यात आला.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे. तशाच डायलचे, त्याच मॉडेलचे, त्याच काळातील दुसरे घड्याळ लाखो डॉलरला जाते. हे मात्र पावणेदोन कोटी डॉलरच्या पुढे गेले. मशीन तेच, पोलाद तेच. वरची सारी रक्कम कशाची? ती खात्रीची. हेच ते घड्याळ, हे पटवणारा पुरावा होता. झाकणावरील कोरलेले शब्द होते, जुनी छायाचित्रे होती, मुलीचे सहीचे पत्र होते, आणि न्यूमन यांच्या हातून थेट एकाच हातात गेल्याची साखळी होती. मध्ये एखादी कडी तुटली असती तर भाव कोसळला असता. न्यूमन यांचेच दुसरे एक डेटोना, तेही पत्नीने दिलेले, डिसेंबर २०२० मध्ये याच कंपनीच्या लिलावात ५४ लाख डॉलरहून अधिक किमतीस गेले. तेथेही मालापेक्षा पुरावाच बोलला.

संग्राहक काय तपासतो

न्यूमन यांचे घड्याळ एकच. सर्वसाधारण श्रीमंत संग्राहक त्या डायलचे कोणतेही अस्सल घड्याळ शोधत असतो. त्याची तपासणी कशी चालते हे समजून घेण्यासारखे आहे, कारण जुन्या वस्तूंच्या कोणत्याही धंद्याला ती लागू पडते.

पहिली गोष्ट क्रमांक. पट्टा काढला की केसच्या दोन्ही टोकांना, पट्ट्याच्या खाचेत, एका बाजूला मॉडेलचा आणि दुसऱ्या बाजूला त्या नगाचा क्रमांक कोरलेला असतो. नगाच्या क्रमांकावरून सालाचा अंदाज येतो. त्या सालाला ती डायल, ती बटणे, ते कडे शोभते का, हे पाहावे लागते. ६२३९ ची बटणे साधी दाबायची. पुढे ६२६३ मॉडेलला फिरवून घट्ट बसणारी बटणे आली, पाणी आत जाऊ नये म्हणून. एकाची बटणे दुसऱ्यावर दिसली की शंका घ्यावी.

दुसरी डायल. सेकंदांच्या लहान डायलवर साध्या घड्याळात २०, ४०, ६० असे आकडे असतात, 'न्यूमन' डायलवर १५, ३०, ४५, ६०. खुणांच्या टोकांचे चौकोन, छपाईची धार, कडेच्या पट्टीचा किंचित खोलगट भाग, सारे भिंगाखाली पाहतात. डायल काढून मागे सिंगर कारखान्याची खूण आहे का, तेही बघतात.

तिसरे, ज्याला आपण सरसकट 'रेडियम' म्हणतो तो अंधारात चमकणारा लेप. त्या काळात त्यासाठी ट्रिटियम वापरीत. त्याची शक्ती सुमारे बारा वर्षांत निम्मी होते. साठ वर्षांपूर्वीचे घड्याळ रात्री लख्ख चमकू लागले तर समजावे की लेप नंतर लावला आहे.

चौथे पॉलिश. बफिंगच्या चाकावर घड्याळ वरचेवर धरले की कोपरे गोल होतात, धातू झिजतो. नवीन दिसणारे जुने घड्याळ संग्राहकाला नको असते. ओरखडे चालतात, मूळ कोपरे हवेत.

पाचवे कागद : मूळ गॅरंटी, डबा, दुकानाचे बिल, दुरुस्तीच्या पावत्या.

एवढी काटेकोर तपासणी का? कारण साध्या डेटोनाची आणि 'न्यूमन' डायलच्या डेटोनाची केस व मशीन एकच आहे. नुसती डायल बदलली की किंमत कित्येक पटींनी वाढते. जेथे एका चकतीच्या बदलाने एवढा नफा होतो, तेथे बनावट होणारच. नवी छापलेली डायल, दुसऱ्या घड्याळातून काढलेले काटे, तिसऱ्याचे झाकण, असे जोडकाम 'अस्सल' म्हणून खपवले जाते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही आपली म्हण या बाजाराच्या दारावर लिहावी अशी आहे.

ज्याने अवजारे लपवली

या कहाणीतील आम्हास सर्वांत भावलेला माणूस नटही नाही आणि दलालही नाही. तो एक कारागीर आहे. नाव शार्ल व्हेर्मो. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल गावात झेनिथ कंपनीचा कारखाना. जानेवारी १९६९ मध्ये या कंपनीने 'एल प्रिमेरो' नावाचे, आपोआप चावी भरणारे क्रोनोग्राफ मशीन जाहीर केले. ताशी ३६,००० ठोके देणारे, अत्यंत अचूक. मात्र क्वार्ट्झची लाट आली. कंपनी तोवर अमेरिकन मालकांच्या हाती गेली होती. १९७५ मध्ये वरून हुकूम आला की चावीच्या घड्याळांचे काम बंद करा.

व्हेर्मो तेथे मशीन बनवणाऱ्या विभागात होते. त्यांनी मालकांना हे सांभाळून ठेवा म्हणून विनवले. कोणी ऐकले नाही. तेव्हा त्यांनी साचे, कटर, अवजारे, आराखडे, जे जे नेता आले ते कारखान्याच्या माळ्यावर नेऊन लपवले आणि प्रत्येक वस्तूची वहीत नोंद केली : कोणते अवजार, कोणत्या कामाचे, कोठे ठेवले.

काही वर्षांनी वारे फिरले. चावीच्या घड्याळांना पुन्हा मागणी आली. नवी अवजारे बनवावयाची तर अफाट खर्च. व्हेर्मो यांनी माळा उघडून दाखवला. काम पुन्हा सुरू झाले. आणि रोलेक्सला जेव्हा डेटोनासाठी आपोआप चालणारे मशीन हवे झाले, तेव्हा त्यांनी हेच एल प्रिमेरो घेतले, त्यात पुष्कळ फेरफार केले, ठोके ताशी २८,८०० वर आणले आणि १९८८ मध्ये १६५२० क्रमांकाचे नवे डेटोना काढले. पूर्वी शोकेसमध्ये पडून राहणाऱ्या डेटोनासाठी आता दुकानांबाहेर प्रतीक्षायाद्या लागल्या. २००० साली रोलेक्सने स्वतःचे मशीन बनवले, तोपर्यंत डेटोनाच्या पोटात त्या माळ्यावर वाचलेल्या हुन्नराचीच धडधड होती.

हातमाग आणि यंत्रमागाच्या गावांत राहणाऱ्या आमच्या वाचकांना या गोष्टीचा अर्थ फोड करून सांगावा लागू नये. मंदीत माग भंगारात जातात आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाते. व्हेर्मो यांनी लोखंडाइतकीच वही सांभाळली. ती वही नसती तर माळ्यावरचे सामान केवळ भंगार ठरले असते.

रांग आणि तिचा हिशेब

आज नवे डेटोना दुकानात गेलो आणि पैसे टाकून घेऊन आलो, असे सहसा होत नाही. २०१६ मध्ये सिरॅमिकच्या कड्याचे आणि २०२३ मध्ये त्यानंतरचे मॉडेल आले. दोन्ही वेळा मागणी पुरवठ्यापेक्षा फार मोठी. दुकानदार नावे लिहून घेतो, जुन्या गिऱ्हाइकाला आधी देतो. ज्याला मिळते, तो ते बाहेर जास्त किमतीला विकू शकतो.

२०२१ आणि २०२२ च्या आरंभी या बाहेरच्या बाजाराला तेजीचे वेड लागले. पोलादी डेटोना दुकानातील किमतीच्या दुपटीहून अधिक दराने विकले गेले. घड्याळ म्हणजे शेअर असे समजून लोक कर्ज काढून खरेदी करू लागले. २०२२ च्या वसंतानंतर भाव घसरले आणि शिखरावर घेणारे अडकले. सुताच्या सट्ट्यात हात पोळलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. डिसेंबर २०२२ मध्ये रोलेक्सने स्वतःच वापरलेली घड्याळे तपासून, प्रमाणपत्र देऊन, अधिकृत दुकानांतून विकण्याची व्यवस्था सुरू केली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही जुन्या मालाच्या बाजारात खात्री हाच विकण्याचा माल आहे, हे ओळखावे लागले.

आता आपल्या गल्लीकडे

डायल रंगवण्याची गोष्ट निघाली की जगभरचे संग्राहक आपल्या मुंबईचे नाव घेतात, आणि ते कौतुकाने घेत नाहीत. जुनी एचएमटी, सेइको किंवा फाव्र-लुबा घड्याळे, नव्याने रंगवलेल्या डायलसह, भारतातून परदेशी विकली जातात. त्यांना संग्राहकांच्या भाषेत 'मुंबई स्पेशल' म्हणतात. अर्थ एवढाच की, वरून चकाचक, आतून जोडकाम, सावध राहा.

आम्हास याचे दुःख वाटते. चोर बाजारापासून फोर्टच्या पदपथापर्यंत बसणारे आपले घड्याळजी आणि डायल रंगवणारे यांच्या हातात काय कसब आहे हे आम्ही जाणतो. रुपयाएवढ्या चकतीवर केसाएवढी रेघ ओढणे ही थट्टा नव्हे. बंद पडलेली, कचऱ्यात जाणारी घड्याळे त्यांनी चालती केली. बेंगळुरू येथे १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेला एचएमटीचा घड्याळधंदा २०१६ मध्ये सरकारने बंद करण्याचे ठरवले, आणि त्यानंतर लोक तीच चावीची घड्याळे हौसेने शोधू लागले. त्यांना दुरुस्त कोण करतो? हेच कारागीर.

मग बदनामी का? डायल रंगवली म्हणून नव्हे. रंगवली हे सांगितले नाही म्हणून. कारागिराला थोडीशी मजुरी मिळते. पुढे विकणारा 'मूळ डायल' म्हणून नफा कमावतो, आणि डाग मात्र साऱ्या शहराच्या कामावर पडतो. युरोपातील मोठ्या कंपन्या स्वतः जुनी घड्याळे दुरुस्त करतात, नवे भाग घालतात, भरपूर पैसे घेतात आणि काय केले ते कागदावर लिहून देतात. तेथे तेच काम आदराचे ठरते. मालातील ऐब सांगून विकावा ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. डेटोनाचा बाजार पाहिला तर कळते की ती पुण्याची तर आहेच, नफ्याचीही आहे.

धंद्यात उपयोगी काही गोष्टी

घड्याळे, जुनी भांडी, जुने फर्निचर किंवा जुने जरीकाम, जो कोणी असा व्यवसाय करतो त्याने पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) बिलावर स्पष्ट लिहावे : कोणता भाग मूळ, कोणता बदललेला, कोणता रंगवलेला. 'डायल नव्याने रंगवली आहे' एवढ्या चार शब्दांनी भांडण टळते आणि गिऱ्हाईक परत येते.

२) काढलेला जुना भाग फेकू नये. पुडीत बांधून गिऱ्हाइकाला द्यावा. आज टाकाऊ वाटणाऱ्या मूळ डायलची उद्या किंमत होऊ शकते.

३) विचारल्याशिवाय पॉलिश करू नये. कामाआधी आणि कामानंतर फोटो काढून ठेवावा.

४) बिले, पावत्या, डबे जपावेत. घरात वडिलांचे जुने घड्याळ असेल तर कधी, कोठून घेतले ते आजच लिहून ठेवावे. सांगणारी माणसे राहत नाहीत.

५) एकाच व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून कायद्याने बंदी आहे. तसेच दहा लाखांपेक्षा महाग मनगटी घड्याळ विकताना विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून एक टक्का कर गोळा करून भरण्याचा नियम २२ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. आपणास तो लागू पडतो का, हे आपल्या सी.ए.ला विचारावे.

६) परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या हाती महागडे घड्याळ मागवणाऱ्यांनी विमानतळावर ते जाहीर करूनच आणावे. चार पैसे वाचवण्याच्या नादात माल जप्त होतो आणि इभ्रत जाते. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला आहे. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. तेव्हा आडमार्गाचे कारणही कमी होत जाईल.

७) हौस म्हणून घ्यावे, ज्याला परवडते त्याने. धंद्याचे खेळते भांडवल काढून किंवा कर्जाने घेतलेले घड्याळ वेळ दाखवते ती हप्त्याची.

ज्या घड्याळाला दुकानदार सूट देऊन बाहेर काढीत होता, त्याच्या एका नगाला ११५ कोटी मिळाले. त्यातील धातूची किंमत आजही फारशी नाही. उरलेली सारी रक्कम 'हे तेच आहे' या एका वाक्याची आहे, आणि ते वाक्य खरे असल्याचा पुरावा होता म्हणून ती मिळाली. आपल्या दुकानातही दर दिवशी असे वाक्य आपण गिऱ्हाइकाला सांगतो : हे सूत अमुक, हा रंग पक्का, हा भाग मूळचा. ते वाक्य खरे ठेवायला खर्च येत नाही. मुंबईच्या कारागिराने आपल्या कामावर आपले नाव लिहून दिले आणि काय केले ते सांगितले, तर 'मुंबई स्पेशल' हेच शब्द उद्या शिवीऐवजी शिफारस म्हणून वापरले जातील. कारागिरांच्या संघटनांनी आणि बाजारातील जाणत्या व्यापाऱ्यांनी हे काम आता हाती घ्यावे.